पंडितांचं तैलचित्र वाचताना हातातलं पुस्तक शेवटी वाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला तुमचा वाडा येत्या काही महिन्यांत उतरवायचा आहे. ओसरीच्या दारावर खापरपणजोबांचं तैलचित्र पिढ्यान्‌पिढ्या टांगलेलं आहे. अंदाजे अडीच फूट उंच, दोन फूट रुंद. डोक्याला लाल पगडी, खांद्यावर शाल, डाव्या हातात जाड लाल पुस्तक आणि त्यात खुपसलेलं बोट. शेजारच्या मेजावर रुमालात बांधलेली पोथी, दौत, टाक, काढून ठेवलेला चष्मा. मागे खांब आणि हिरवट पडदा. घरात तीन गोष्टी सांगितल्या जातात: ते मोठे संस्कृत पंडित होते आणि अक्कलकोट संस्थानानं त्यांचा सन्मान केला, हातातलं पुस्तक ऋग्वेद आहे, आणि चित्र राजा रविवर्म्याच्या शिष्यानं काढलंय. यातलं किती खरं, चित्र खरोखर काय सांगतं, आणि चेहऱ्यावरून वाटतात तसे ते करारी, तापट होते का, हे तुम्ही विचारलंत.

तुम्ही पाठवलेले समोरचे, मागचे आणि जवळून काढलेले फोटो मी मोठे करून बघितले. माझं सगळं आयुष्य व्यक्तिचित्रं रंगवण्यात आणि जुनी तैलचित्रं दुरुस्त करण्यात गेलंय, त्यामुळे माझं उत्तर चित्रकाराच्या बाजूनं येईल. अशा चित्रापुढे उभं राहिलं की माणसं पहिल्यांदा पुस्तकाकडे बघतात आणि म्हणतात, विद्वान होते. मी उलट करतो. पुस्तक सगळ्यात शेवटी. आधी शोधायचं ते हे की चित्रकाराचा हात कुठं रेंगाळला आणि कुठं भरभर पुढं गेला. जिथं तो रेंगाळला तिथं त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी खरं होतं. जिथं पळाला तिथं त्यानं पाठ असलेलं उतरवलं. तुमच्या चित्रात हे दोन्ही भाग इतके स्पष्ट वेगळे दिसतात की मला मनापासून आनंद झाला.

पळालेल्या भागापासून सुरुवात करू. मागचा खांब बघा. त्याला ना नक्षी, ना पायथा, ना कुठल्या वाड्याशी नातं. सोलापुरातल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात असला गोल, गुळगुळीत, दगडी खांब कुठून येणार? आपल्याकडे लाकडी खांब, तुळया, खण. हा खांब आणि त्याला लगटून ओढलेला पडदा युरोपातल्या दरबारी व्यक्तिचित्रांतून आलेत. तिथं तिशियन, व्हॅन डाइक या चित्रकारांपासून राजेरजवाड्यांच्या मागे खांब-पडदा असायचा. तेलरंगातलं पाश्चात्त्य पद्धतीचं व्यक्तिचित्र आपल्या भागात पेशवाईच्या अखेरीस पोचलं. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स या ब्रिटिश चित्रकारानं पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं केली. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं आणि ही पद्धत शिकलेले आपले चित्रकार तयार होऊ लागले. मग फोटो स्टुडिओंनी तोच खांब आणि तोच पडदा कापडावर रंगवून गिऱ्हाइकाच्या मागे लावला. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या हातांनीही तो उचलला. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत आणि उत्तम व्यक्तिचित्रंही करत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नाटक कंपन्यांचे मुक्काम सोलापुरात पडत, तेव्हा असे पडदे इथल्या लोकांच्या चांगल्या परिचयाचे होते. तात्पर्य, तुमच्या चित्रातला खांब तुमच्या घराण्याविषयी काही सांगत नाही. ‘हा मान्यवर माणूस आहे’ एवढंच तो सांगतो, आणि ते त्या काळातल्या प्रत्येक तैलचित्रातला खांब सांगायचा.

पडद्याबद्दल मात्र एक सूचना. तो मुळात हिरवा असेलच असं धरू नका. जुनं वॉर्निश पिवळं पडतं आणि निळ्यावर पिवळा थर आला की डोळ्याला हिरवा दिसतो. तुमच्या फोटोत चौकटीच्या खालच्या कडेला, जिथं चौकट जराशी सरकली आहे, तिथं बोटाएवढ्या जागेत स्पष्ट निळा रंग दिसतोय. चौकटीच्या खाचेखाली झाकलेल्या भागाला उजेड, धूर, उदबत्तीची काजळी लागत नाही, म्हणून मूळ रंग तिथं टिकतो. शालीचा पिवळसरपणा आणि अंगरख्याचा मळकट रंगही याच वॉर्निशचा असणार. म्हणजे तुमच्या मनात ठसलेलं जे गंभीर, तपकिरी, जुनाट वातावरण आहे, त्यातलं बरंचसं चित्रकाराचं नाही, काळाचं आहे. मूळ चित्र तुमच्या आठवणीपेक्षा पुष्कळ उजळ असणार.

आता हात. चेहऱ्यावर उजेड आपल्या डावीकडून पडतोय, नाकाची सावली उजवीकडे गेलीय. पण पुस्तक धरलेल्या बोटांच्या सावल्या डावीकडे पडल्यात. एकाच खोलीत, एकाच बैठकीत असं होत नाही. शिवाय बोटांना सांधे नाहीत, नखं एकसारखी, मनगट बाहीतून निघतं ते जरा चुकीच्या जागेवरून. चेहरा ज्यानं इतका जाणून रंगवला त्यानंच हा हात रंगवला असेल, पण त्या वेळी पंडितजी समोर नव्हते. ही त्या काळची सर्रास रीत होती. यजमान वयस्कर असले की चेहऱ्यासाठी दोन-चार बैठकी मिळायच्या, बाकीचं अंग दुसऱ्या कुणाला बसवून, नाहीतर जुन्या नमुन्यावरून पुरं व्हायचं. जे. जे.मध्ये प्लास्टरच्या पुतळ्यांवरून हातापायांचा कसून अभ्यास करून घेत. तसा अभ्यास झालेल्या चित्रकाराचा हात सहसा इतका ढिला पडत नाही. ही खूण चित्रकाराच्या ओळखीकडे बोट दाखवते, त्याकडे पुढे येतो.

आणि त्या हातातलं पुस्तक. पानांमध्ये बोट घालून धरलेलं पुस्तक ही विद्वानाच्या चित्राची फार जुनी खूण आहे: ‘मी वाचत होतो, तुम्ही आलात म्हणून थांबलो.’ युरोपात होल्बाइन या चित्रकारानं १५२३ मध्ये इरॅस्मस या विद्वानाचं चित्र केलं, त्यात त्या पंडिताचे दोन्ही हात एका ग्रंथावर ठेवलेत, आणि ग्रंथाच्या कडेवर ग्रीक अक्षरं आहेत: हर्क्युलीसची कामं. इरॅस्मसच्या ग्रंथसंपादनाच्या कष्टांना उद्देशून ते लिहिलंय. तिथं पुस्तकाला नाव आहे, नावाला अर्थ आहे. तुमच्या चित्रातल्या पुस्तकाच्या पाठीवर काय आहे? पिवळ्या रंगाचे पाच-सहा आडवे-उभे फटकारे. दुरून ते सोनेरी अक्षरांसारखे भासतात, जवळ गेलं की अक्षर एकही लागत नाही. घरच्यांना त्यात ‘ऋ’ दिसतो, कारण तो बघायची इच्छा आहे. शिवाय, त्या पिढीतल्या वैदिकाच्या हातात ऋग्वेद असता तर तो मुखोद्गत असता, आणि लिखित असलाच तर सुट्या आडव्या पानांच्या पोथीत असता. कातडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा जाड ग्रंथ ही कायद्याच्या पुस्तकांची आणि कॉलेजच्या कपाटांची चाल. सोवळ्यातला माणूस कातड्याला शिवून वेद वाचेल हे मला पटत नाही. हे पुस्तक चित्रकाराच्या खोलीतलं आहे. ते बहुधा वकिलांच्या, मास्तरांच्या, रावसाहेबांच्याही हातात त्यानं दिलं असेल.

इथं तुमची निराशा झाली असेल तर जरा थांबा. खरी गोष्ट मेजावर ठेवलीय.

ती पोथी पुन्हा बघा. रुमालाच्या गाठीवर चित्रकारानं केवढा वेळ घातलाय! गाठीची दोन टोकं वेगळी पडलीत, एक टोक जरा विरलंय, रुमालाच्या दुमडीत चौकडीचा धागा वळणाबरोबर वळलाय. पोथीच्या लाकडी फळीचा एक कोपरा रुमालातून बाहेर आलाय आणि तो झिजून गोल झालाय. झिजलेला कोपरा कुणी पाठावरून रंगवत नाही. तसा कोपरा बघायला लागतो. ही पोथी चित्रकारापुढे प्रत्यक्ष ठेवलेली होती, आणि ती रोज सोडली-बांधली जात होती. लाल पुस्तक विद्वत्तेचा दिखावा करतं, ही पोथी विद्वत्तेचा वापर दाखवते. मला विचाराल तर तुमचे खापरपणजोबा पंडित होते याचा चित्रातला पुरावा हा झिजलेला कोपरा आहे. वाड्याच्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात, एखाद्या पेटाऱ्यात चौकड्यांच्या रुमालात बांधलेलं काही असेल तर वाडा उतरवायच्या आधी ते शोधा. ती पोथी सापडली, तर तिच्या शेवटच्या पानावर ती कुणी, कधी, कुठं लिहिली हे सांगणाऱ्या ओळी असण्याची शक्यता असते, आणि मग चित्राला एकदम पाय फुटतील.

दुसरी रेंगाळलेली जागा म्हणजे शाल. तुम्ही पत्रात तिला उपरणं म्हणता, पण उपरण्याला इतकी रुंद किनार नसते. ही शालजोडी आहे. किनारीत कैऱ्या आहेत आणि त्या एकेक करून, आतल्या बारीक फुलांसकट रंगवल्यात. अंगरखा चार फटकाऱ्यांत उरकणाऱ्या माणसानं कैऱ्या मोजल्या, याचा अर्थ घरच्यांनी बजावून सांगितलं असणार: शाल नीट आली पाहिजे. विद्वानाला शालजोडी देऊन गौरवण्याची पद्धत संस्थानांत होती, मठांत होती, मोठ्या सावकारांच्या घरीही होती. अक्कलकोट आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, तिथं भोसल्यांचं संस्थान, तेव्हा घरची गोष्ट खरी असायला काहीच आडकाठी नाही. पण शाल देणाऱ्याचं नाव चित्रात नाही. ते कागदात शोधावं लागेल. चित्र एवढं नक्की सांगतं की ती शाल घराण्याला फार मोलाची होती आणि ती अंगावर घेऊनच त्यांचं चित्र व्हावं अशी इच्छा होती.

याच धाग्यानं आणखी एक. छातीवर किंवा गळ्यात पदक नाही. इंग्रज सरकारनं विद्वानांसाठी महामहोपाध्याय ही पदवी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला सुरू केली. रावसाहेब, रावबहादूर यांसारख्या पदव्यांसाठी गळ्यात घालायची पदकं १९११ च्या दिल्ली दरबारानंतर आली. ज्याला ती मिळाली तो चित्रासाठी बसताना ती घालणारच, त्यात शंका नको. तुमच्या चित्रातला मान शालीचा आहे, सरकारी पदकाचा नाही. मला तो जास्त भावतो, पण ते माझं मत झालं.

आता चेहरा, म्हणजे चित्राचा जीव. तुम्ही काढलेल्या जवळच्या फोटोत नाकाच्या वरच्या भागावर, दोन्ही बाजूंना, दोन छोटे तांबूस वळ आहेत. तुम्हाला ते रंगाचे डाग वाटले. ते चष्म्याचे वळ आहेत. चष्मा मेजावर आहे, आत्ताच काढून ठेवलाय, आणि नाकावर त्याची खूण उमटलीय. हे बघून मी बराच वेळ पुढं सरकू शकलो नाही. त्या काळी कितीतरी तैलचित्रं फोटोवरून होत, विशेषतः माणूस गेल्यावर. काही स्टुडिओ फोटो मोठा करून त्याच्यावरच रंग चढवत. अशा चित्रांत चेहरा सपाट उजेडातला, सावल्या काळ्या, आणि कातडी गुळगुळीत असते, कारण रिटच करणारा पहिल्यांदा असले वळ आणि सुरकुत्याच पुसून टाकतो. शिवाय काळ्यापांढऱ्या फोटोत वळ दिसला तरी त्याचा तांबूसपणा दिसत नाही. इथं तो रंग आहे. तसाच डावा कान बघा. कानाच्या पाळीची कड मागून उजेड झिरपल्यासारखी लालसर झालीय. खिडकीजवळ बसलेल्या जिवंत माणसाच्या कानालाच ती लाली असते. खालचा ओठ एका बाजूला आत गेलाय, तिथले दात पडलेत, आणि गालाची खळगी त्यामुळे एकीकडे जास्त खोल आहे. चित्रकारानं ते झाकलं नाही, घरच्यांनीही झाकायला लावलं नाही. माझ्या दृष्टीनं चेहरा प्रत्यक्ष समोर बसवून केलाय यात संशय नाही. तुमच्या खापरपणजोबांनी खिडकीजवळ बसून, चष्मा काढून, हा चेहरा रंगवू दिला.

डोळे आपल्याकडे बघत नाहीत. नजर आपल्या खांद्यावरून, किंचित खाली गेलीय. व्यापाऱ्यांच्या, अधिकाऱ्यांच्या चित्रांत बहुधा नजर थेट असते. पंडितांच्या, कवींच्या चित्रांत ती बाजूला वळवण्याचा संकेत होता, विचारात गढल्यासारखी. यात संकेत किती आणि स्वभाव किती हे वेगळं करता येत नाही. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा चित्रकार अंधुक दिसत असेल, हेही एक साधं कारण असू शकतं.

म्हणूनच ‘करारी, तापट’ या तुमच्या शब्दांबद्दल माझी विनंती आहे की ते जरा बाजूला ठेवा. व्यक्तिचित्रासाठी माणूस तासन्‌तास न हलता बसतो. हसू दहा मिनिटांत विरतं, जबडा आवळला जातो, भुवयांमध्ये आठी पडते, खालच्या पापण्या जड होतात. माझ्यापुढे बसलेला प्रत्येक विनोदी माणूस दुसऱ्या तासाला गंभीर झालाय. शिवाय चित्र दारावर उंच टांगलेलं. खालून बघताना हनुवटी मोठी दिसते आणि नजर वरून रोखल्यासारखी वाटते. चित्र उतरवून डोळ्यांच्या पातळीवर, भिंतीला टेकवून ठेवा आणि सकाळच्या उजेडात एकदा निवांत बघा. लहानपणापासून ज्या चेहऱ्याला तुम्ही दबकत आलात तो बराच सौम्य वाटेल, असा माझा अंदाज आहे.

कपाळाबद्दल सावधपणे बोलतो, कारण इथं दोन वेगळ्या हातांचं काम आहे. खाली उभी बारीक काळी रेघ आणि तिच्या तळाशी तांबूस ठिपका आहे. ही अंगार-अक्षता, म्हणजे माध्व वैष्णवांची, मध्वाचार्यांना मानणाऱ्यांची खूण. आडनाव आणि घरचे कुळाचार यांच्याशी ते जुळतं का, ते तुम्हीच सांगू शकाल. सोलापूर, पंढरपूर आणि खाली विजापूर-गुलबर्ग्यापर्यंतच्या पट्ट्यात माध्व घरं पुष्कळ, तेव्हा नवल काही नाही. पण या रेघेवर जो गोल, जाडसर, लालसर डाग आहे तो चित्रकाराचा नाही. रंगाला पडलेल्या बारीक भेगा काळ्या रेघेतून आरपार गेल्यात, म्हणजे रेघ मूळची. लाल डाग मात्र भेगांमध्ये उतरून बसलाय, म्हणजे भेगा पडल्यानंतर तो आला. श्राद्धाला, दसऱ्याला घरच्या बायकामाणसांनी वर्षानुवर्षं लावलेलं हे गंध आणि कुंकू. दुरुस्तीला देताना कारागिराला याची कल्पना द्या आणि ते ठेवायचं की काढायचं हे घरात बसून ठरवा. मी स्वतः ते ठेवण्याच्या बाजूचा आहे. तोही त्या चित्राचा इतिहासच आहे.

भेगांची ही परीक्षा सहीलाही लावा. उजव्या कोपऱ्यात चौकटीखाली जे लाल दोन फटकारे दिसतात ती सही असू शकते. चौकट काढल्यावर मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरून बघा. सही भेगांबरोबर तडकलेली असेल तर मूळची. भेगांवरून सलग गेली असेल किंवा त्यांत भरली असेल तर नंतर कुणीतरी घातलेली. अतिनील किरणांचा छोटा टॉर्च मिळतो, तो अंधाऱ्या खोलीत धरला तर जुनं वॉर्निश हिरवट चमकतं आणि नंतर वरून केलेली डागडुजी काळपट डागांसारखी उठून दिसते. तेवढ्यावरूनही किती ठिकाणी हात फिरलाय हे कळेल.

आता चित्रकार कोण. ‘रविवर्म्याचा शिष्य’ हे मी इतक्या घरांत ऐकलंय की त्याचं कारण समजून घेणं बरं. रविवर्मा १८४८ ते १९०६. १८९४ मध्ये त्यांचा शिळाछापाचा कारखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरांत भिंतीवर आली. तेलरंगातलं चित्र म्हटलं की लोकांच्या तोंडी एकच नाव उरलं. पण रविवर्म्यानं गुरुकुल किंवा शाळा चालवली नाही; बरोबर असायचे ते मुख्यतः धाकटे बंधू राजा राजवर्मा. तेव्हा हा दावा मी बाजूला ठेवतो.

चित्र स्वतः काय सांगतं? मागच्या फोटोत कॅनव्हासवर अर्धवट शिक्का आहे आणि त्यात ‘बोन प्ले’ एवढी रोमन अक्षरं लागतात. ती लंडनच्या रॅथबोन प्लेसची असावीत. विन्सर अँड न्यूटन ही रंगांची कंपनी १८३२ मध्ये तिथंच सुरू झाली. म्हणजे तयार अस्तर (रंगाखालचा थर) लावलेलं विलायती कापड, बहुधा मुंबईहून मागवलेलं. कापड लाकडी चौकटीला गंजलेल्या टाचण्यांनी ठोकलंय, स्टेपल नाहीत, कोपऱ्यांत पाचरी आहेत. मेजावर टाक आणि दौत आहे, फाउंटन पेन नाही. अंगरखा, पगडी ही वयस्कर माणसाची, जुन्या वळणाची वेशभूषा. हे सगळं धरून मी हे चित्र १८९५ ते १९२० च्या दरम्यान ठेवतो. तुम्ही सांगितलेल्या पिढ्यांच्या हिशेबालाही ते जमतं. हा सोलापूरच्या भरभराटीचा काळ. रेल्वे येऊन बराच काळ लोटला होता, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या, पेठांमध्ये पैसा खेळू लागला. विलायती कॅनव्हास आणि चित्रकाराच्या बैठकी परवडणारी घरं तेव्हा तयार झाली. एखाद्या पंडिताच्या घरात एवढा खर्च झाला असेल तर तो कुणा यजमानानं, शिष्यानं उचलला असण्याची शक्यता मोठी. शाल देणारा आणि चित्र करवून घेणारा एकच असू शकेल.

चित्रकाराला चेहरा उत्तम येत होता, रंगाची समज पक्की होती, हातापायाचा अभ्यास कच्चा होता, आणि पडदा-खांब पाठ होते. अशी जातकुळी नाटकाचे पडदे रंगवणाऱ्यांची, नाहीतर सरकारी ड्रॉइंगच्या परीक्षा देऊन शाळेत लागलेल्या आणि घरी व्यक्तिचित्रं करणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांची. या मास्तरांनी महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत फार मोलाचं काम करून ठेवलंय आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं कुठं नोंदली गेली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या कोपऱ्यातली सही लागली आणि ती कुणा अनोळखी मास्तरांची निघाली, तर ती रविवर्म्याच्या शिष्यापेक्षा कमी समजू नका. चष्म्याचे वळ ज्यानं बघितले तो मोठा चित्रकार होता.

कागदांचा शोध कुठं घ्यायचा? नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याच्या नोंदी असतात, तिथं नाव, गाव, पिढ्या पक्क्या करा. सोलापुरातून एकोणिसाव्या शतकात ‘कल्पतरू’ हे वृत्तपत्र निघत असे. अशा जुन्या अंकांत सत्कार, पाठशाळा, शास्त्रार्थ यांच्या बातम्या येत. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन जुन्या संग्रहाची चौकशी करा. अक्कलकोटचा सन्मान खरा असेल तर तो संस्थानच्या कागदपत्रांत, खर्चाच्या नोंदींत असेल. शाल कुणालाही फुकट दिली जात नसे, तिची किंमत कुठंतरी लिहिलेली असते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, पुरुषांना नंतर. आणि विचारता विचारता खापरपणजीचंही विचारा. तिचं चित्र कुणी काढलं नाही, पण रुमालाची ती गाठ रोज कोण बांधत होतं हे तिच्या लेकीसुनांच्या बोलण्यातून आलेलं असू शकतं.

आता तातडीचं. वाडा उतरवायला लागला की माळवदाची माती पडणार. चित्र त्याआधी हलवा. आत्ताच कॅनव्हासच्या खालच्या कडेला फुगवटा दिसतोय, तो वरून पडलेली माती कापड आणि लाकडाच्या मध्ये साचल्यानं आलाय. तो समोरून दाबू नका, रंग तडकेल. खालून पाचर काढून ती माती काढणं हे जाणकाराचं काम आहे. साफसफाईचे घरगुती उपाय, म्हणजे बटाट्याचा काप, कांदा, लिंबू, साबणाचं पाणी, खोबरेल तेल, यातलं काहीही लावू नका. तेलानं दोन दिवस रंग उजळल्यासारखा दिसतो, मग त्यावर धूळ कायमची चिकटते. पाणी भेगांतून आत शिरून अस्तर फुगवतं. मऊ, कोरड्या ब्रशनं वरवर धूळ झटकणं एवढंच, आणि जिथं रंगाचे पापुद्रे उचललेत तिथं तेही नको.

नेताना चित्र उभं न्या, दोघांनी चौकटीच्या बाजू धरून. वर बबलचं प्लास्टिक थेट गुंडाळू नका. आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीसच्या उन्हात त्याचे गोल वॉर्निशवर छापले जातात. धुतलेलं जुनं सुती धोतर आधी, मग पुठ्ठा, मग बाकीचं. नव्या फ्लॅटमध्ये पश्चिमेची तापणारी भिंत आणि स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत टाळा, आणि हार घालायचा असेल तर तो चौकटीला बांधा, कॅनव्हासला टेकू देऊ नका. घरातल्या मोठ्यांकडून मिळालेली नावं, नाती, तारखा कागदावर लिहून तो कागद मागच्या लाकडी चौकटीला बांधून ठेवा. कॅनव्हासच्या पाठीवर पेनानं काही लिहू नका, शाई कापडातून पुढं उमटते. चौकट काढलीत की कोपऱ्यातल्या सहीचा, आडव्या उजेडातला, जवळून काढलेला फोटो मला पाठवा.